दिल्या शब्दावर वसलेले गाव

जर्मनीतील अमीर-उमरावांनी शेतकऱ्यांना टेक्सासमध्ये जमिनीचे आमिष दाखवले. पण ती जमीन त्यांच्या मालकीची नव्हतीच! उपासमार, साथीचे रोग आणि कोमांची योद्ध्यांची भीती यांच्यात सापडलेल्या या माणसांना कोणी वाचवले? बंदुकीने नव्हे, तर एका तांबड्या दाढीच्या माणसाने दिलेल्या शब्दाने.

८ मे १८४६. टेक्सासमधील डोंगराळ मुलखात दोन ओढ्यांच्या मधल्या सपाट जागेवर बैलगाड्यांचा एक तांडा येऊन थांबला. तांड्यात १२० माणसे होती. न्यू ब्राउनफेल्स या गावाहून निघून त्यांना सोळा दिवस झाले होते. सोबत रक्षणासाठी आठ हत्यारबंद माणसे होती. गाड्यांतून बायका उतरल्या, मुले उतरली आणि सगळे इकडेतिकडे पाहू लागले. गाव कुठे होते? समोर होती ओकची झाडे, गुडघाभर गवत आणि पलीकडे टेकड्यांची रांग. जमीन मोजणारे अधिकारी आधी येऊन खुंट्या ठोकून गेले होते, तेवढीच काय ती माणसाची खूण.

या जागेला नाव मात्र आधीच मिळाले होते. प्रशियाचा राजपुत्र फ्रेडरिक याच्या नावावरून ‘फ्रेडरिक्सबर्ग’. राजपुत्राने हे गाव कधी पाहिलेही नव्हते. त्याच्या नावाचे हे गाव उभे राहिले, टिकले आणि आजही नांदते आहे. त्याची ही कहाणी.

उमरावांची कंपनी

त्या काळी जर्मनी हा एक देश नव्हताच. लहान-मोठी राज्ये, संस्थाने आणि जहागिऱ्या यांची ती गोधडी होती. घरात मुले चार, तर शेताचे तुकडेही चार. पुढच्या पिढीत त्या तुकड्यांचेही तुकडे. विणकर, लोहार, सुतार यांच्या हातचे काम यंत्रे हिरावून घेत होती. त्यातच १८४५ च्या सुमारास बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि गरिबाच्या ताटातले अन्नच गेले. अशा वेळी समुद्रापलीकडे भरपूर जमीन आहे, असे कोणी सांगितले तर कोणाला मोह होणार नाही?

असे सांगणारे लोक साधेसुधे नव्हते. १८४२ मध्ये ऱ्हाइन नदीच्या काठी बीब्रिख येथे एकवीस उमराव जमले आणि त्यांनी टेक्सासमध्ये जर्मन वसाहत करण्यासाठी एक संस्था काढली. लोक तिला ‘आडेल्सफेराइन’, म्हणजे उमरावांची मंडळी, असे म्हणू लागले. टेक्सास तेव्हा अमेरिकेतही सामील झालेला नव्हता. मेक्सिकोपासून फुटून निघालेले ते एक स्वतंत्र प्रजासत्ताक होते.

मंडळीची योजना कागदावर फार आकर्षक होती. एकट्या पुरुषाने ३०० गुल्डन आणि कुटुंबप्रमुखाने ६०० गुल्डन जमा करायचे. त्या बदल्यात जहाजाचा प्रवास, बंदरापासून वसाहतीपर्यंत गाडी, राहायला लाकडी घर आणि पहिले पीक हाती येईपर्यंत उधारीवर धान्य व अवजारे मिळणार होती. शिवाय एकट्याला १६० एकर आणि कुटुंबाला ३२० एकर जमीन! ज्याच्या बापजाद्यांनी दोन-चार एकरांवर जन्म काढला, त्याच्या डोळ्यांपुढे हा आकडा आला म्हणजे त्याची झोपच उडाली असेल.

या योजनेत दोन मोठी भोके होती. पहिले म्हणजे पैसा. मंडळीचे सुरुवातीचे भांडवल २ लाख गुल्डन, म्हणजे तेव्हाचे सुमारे ८० हजार डॉलर होते. हजारो माणसांना नेऊन वसवायला ते कुठून पुरणार? दुसरे भोक याहून मोठे होते. मंडळीने १८४४ मध्ये फिशर आणि मिलर या दोन जमीन-दलालांकडून लानो आणि कोलोराडो या नद्यांमधल्या तीस लाखांहून अधिक एकर मुलखावर वसाहत करण्याचा हक्क विकत घेतला. व्यवहार करण्यापूर्वी तो मुलूख मंडळीतल्या कोणीही डोळ्यांनी पाहिला नव्हता. तो किनाऱ्यापासून शेकडो मैल आत होता आणि तिथे कोमांची लोकांचे राज्य होते.

कोमांची म्हणजे गोरे लोक ज्यांना ‘रेड इंडियन’ म्हणत त्या मूळ रहिवाशांपैकी एक बलाढ्य जमात. घोड्यावर बसण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. रानरेड्यांच्या कळपामागे ते शेकडो मैल फिरत आणि आपल्या शिकारीच्या रानात कोणी पाय ठेवला तर त्याची गय करत नसत. स्पॅनिश, मेक्सिकन, टेक्सासचे गोरे, सगळ्यांशी त्यांचे हाडवैर होते. उमरावांच्या मंडळीने जी जमीन वाटून टाकली होती, ती खरे पाहता यांची होती. त्यांना मात्र कोणी काही विचारले नव्हते.

किनाऱ्यावरची स्मशाने

मंडळीचा पहिला प्रतिनिधी म्हणून झोल्म्स-ब्राउनफेल्सचा राजपुत्र कार्ल टेक्सासला आला. मार्च १८४५ मध्ये, गुड फ्रायडेच्या दिवशी, त्याने वाटेतला मुक्काम म्हणून न्यू ब्राउनफेल्स वसवले. तरुण, हौशी आणि डामडौलाची आवड असलेल्या कार्लला हिशेब ठेवणे मात्र जमत नव्हते. त्याच वर्षी तो परत गेला, तेव्हा मागे कर्जाचा डोंगर उरला होता.

त्याच्या जागी जो माणूस आला, तो या कहाणीचा नायक. त्याचे नाव ओटफ्रीड हान्स फॉन मॉयझेबाख. वय ३३ वर्षे. घराणे सरदाराचे, शिक्षण कायद्याचे आणि निसर्गविज्ञानाची विलक्षण आवड. जर्मनीत तो आंक्लाम गावाचा नगराध्यक्ष होता. टेक्सासच्या भूमीवर आल्यावर त्याने आपली सरदारकी सोडून दिली आणि ‘जॉन ओ. मॉयझेबाख’ असे साधे नाव घेतले. ज्या देशात सगळे सारखे, तिथे किताब कशाला मिरवायचा?

त्याने वह्या उघडल्या आणि त्याच्या पायाखालची जमीन सरकली. तिजोरी रिकामी, सावकार दारात आणि जर्मनीहून तर माणसांच्या झुंडी निघालेल्या! ऑक्टोबर १८४५ ते एप्रिल १८४६ या सात महिन्यांत ३६ जहाजांनी ५,२५७ जर्मनांना टेक्सासच्या किनाऱ्यावर आणून सोडले. इंडियन पॉइंट नावाच्या त्या जागी ना घरे होती, ना धर्मशाळा. नुसती वाळू आणि दलदल. लोक तंबूंत राहिले, वाळूत खड्डे खणून त्यावर गवत टाकून राहिले. हिवाळ्याचा पाऊस थांबेना, प्यायला स्वच्छ पाणी मिळेना.

मंडळीने गाड्या ठरवल्या होत्या. पण १८४६ च्या वसंतात अमेरिका आणि मेक्सिको यांच्यात युद्ध पेटले. लष्कराने जास्त भाडे दिले आणि गाडीवान बैलांसकट तिकडे गेले. किनाऱ्यावर अडकलेल्यांमध्ये रोगराई पसरली. शेकडो माणसे तिथेच मेली. ज्यांना धीर निघाला नाही ते पायीच आत निघाले आणि आजारी पडून वाटेतच राहिले. या वाटेच्या कडेला किती जर्मन आई-बापांनी आपली लेकरे पुरली, याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

दहा एकर आणि एक झोपडी

या माणसांना कुठेतरी हलवणे भाग होते. लानोपलीकडचा मुलूख फार दूर आणि धोक्याचा होता. म्हणून मॉयझेबाखने न्यू ब्राउनफेल्सच्या वायव्येला, पेडर्नालिस नदीच्या जवळ, पाणी आणि लाकूड पाहून दहा हजार एकर जमीन उधारीवर घेतली. तेच फ्रेडरिक्सबर्ग.

गावाची आखणी ऱ्हाइनकाठच्या खेड्यांसारखी होती. मधोमध ओढ्याला धरून जाणारा एक लांब-रुंद रस्ता आणि दोन्ही अंगांना घरांच्या जागा. प्रत्येक कुटुंबाला गावात घरापुरती जागा आणि गावाबाहेर दहा एकर शेत देण्यात आले. कबूल केलेल्या ३२० एकरांपुढे हे काहीच नव्हते. पण पायाखाली जमीन आली, हेच त्या वेळी पुष्कळ होते.

पहिली घरे म्हणजे ओकचे खांब जमिनीत उभे रोवून केलेल्या झोपड्या. पुढे सवड मिळाली तशी आपल्या देशाकडची पद्धत लोकांना आठवली. लाकडी चौकट उभी करायची, तिच्यात चुनखडीचे दगड भरायचे आणि वरून गिलावा करून चुना काढायचा. अशी काही घरे त्या गावात आजही पाहायला मिळतात.

पण पहिले वर्ष फार वाईट गेले. किनाऱ्यावरचा रोग माणसांबरोबर गावात आला. १८४६ च्या उन्हाळ्यात आणि शरद ऋतूत या चिमुकल्या गावातली १०० ते १५० माणसे दगावली. हगवणीने लोक खंगत होते, तर ताजी भाजी-फळे नसल्यामुळे हिरड्या सडत होत्या. आणलेले बियाणे इथल्या मातीत कसे रुजवायचे, हेही ठाऊक नव्हते. गहू आणि राई खाणाऱ्या या माणसांना मक्याच्या भाकरीची सवय करून घ्यावी लागली.

संकटात शेजारी उपयोगी पडतात. डेलावेअर आणि शॉनी जमातीचे शिकारी अधूनमधून गावात येत आणि आणलेली शिकार देऊन माल घेऊन जात. १८४७ मध्ये गावापासून चार मैलांवर मॉर्मन पंथाच्या लोकांनी झोडिअॅक नावाची वस्ती केली. अमेरिकेच्या सरहद्दीवर राहण्याचा अनुभव असलेल्या या मंडळींनी नदीवर लाकूड कापण्याची आणि दळणाची गिरणी उभारली. जर्मनांना त्यांच्याकडून बियाणे मिळाले, फळ्या मिळाल्या, पीठ मिळाले आणि इथली शेती कशी करायची, ही माहितीही मिळाली.

त्याच वर्षी गावकऱ्यांनी मुख्य रस्त्याच्या मधोमध एक आठ कोनांची इमारत बांधली. तिचे नाव ‘फेराइन्स किर्खे’, म्हणजे मंडळीचे चर्च. तिचा आकार पाहून लोक तिला गमतीने ‘कॉफीची चक्की’ म्हणत. एकच इमारत, पण कामे किती! सकाळी शाळा, संध्याकाळी सभा, रविवारी प्रार्थना आणि वेळ आलीच तर सगळ्या गावाने आत शिरून दारे लावायची, असा हा किल्ला. निरनिराळ्या पंथांचे लोक आरंभी याच छपराखाली प्रार्थना करत. १८९७ मध्ये ही इमारत पाडली गेली. पण गावाला चैन पडेना. १९३० च्या दशकात त्याच आकाराची दुसरी इमारत बांधण्यात आली आणि ती आज गावाची ओळख बनली आहे.

चाळीस माणसे कोमांचींच्या मुलखात

गाव उभे राहिले, तरी मूळ प्रश्न तसाच होता. लानोपलीकडच्या मुलखात ठरलेल्या मुदतीत वसाहत आणि मोजणी झाली नाही, तर मंडळीचा हक्कच बुडणार होता आणि त्याबरोबर हजारो कुटुंबांची आशाही. पण कोमांचींच्या भीतीने मोजणीदार तिकडे पाऊल टाकायला तयार नव्हते. इकडे लोकांचा संयम संपत आला होता. १८४६ च्या अखेरच्या दिवशी न्यू ब्राउनफेल्समध्ये संतापलेला जमाव मॉयझेबाखच्या घरावर चालून गेला. त्याला फासावर लटकवा, असे ओरडण्यापर्यंत मजल गेली होती. तो शांतपणे लोकांना सामोरा गेला आणि प्रसंग निभावला.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, २२ जानेवारी १८४७ रोजी, सुमारे चाळीस माणसे घेऊन तो फ्रेडरिक्सबर्गहून निघाला. थेट कोमांचींच्या मुलखाकडे. टेक्सासच्या गव्हर्नरला हे कळले तेव्हा त्याने इंडियनांच्या बाबतीतला जाणकार अधिकारी रॉबर्ट नेबर्स याला मागोमाग पाठवले. पुढे जाऊ नका, जिवाला धोका आहे, असा निरोप होता. नेबर्सने मॉयझेबाखला गाठले, पण तोवर बोलणी सुरू झाली होती. मग निरोप्याच बोलणी करायला मदतीला राहिला. नेबर्सबरोबर फर्डिनांड रोमर नावाचा एक जर्मन भूगर्भशास्त्रज्ञ होता. दगड आणि जीवाश्म गोळा करायला टेक्सासला आलेल्या या विद्वानाने जे पाहिले ते पुढे पुस्तकात लिहून ठेवले, म्हणून या प्रवासाचा तपशील आज उपलब्ध आहे. डेलावेअर जमातीचा जिम शॉ हा दुभाषा म्हणून बरोबर होता.

कोमांचींच्या मोठ्या छावणीजवळ पोहोचल्यावर दृश्य छातीत धडकी भरवणारे होते. शेकडो घोडेस्वार रांगा करून उभे होते. अशा वेळी कोणीही बंदुकीवरची पकड घट्ट केली असती. मॉयझेबाखने उलटेच केले. तो काही सोबत्यांसह पुढे गेला आणि सगळ्यांनी आपल्या बंदुका आकाशात झाडून रिकाम्या केल्या. रिकाम्या बंदुकीचा अर्थ सांगायला दुभाषा लागत नाही. आम्ही तुमच्यावर विश्वास टाकला आहे, आता तुमचे तुम्ही बघा! कोमांचींना या माणसाचे धैर्य आवडले. त्याची लांब तांबूस दाढी पाहून त्यांनी त्याला स्पॅनिश भाषेत नावही दिले, ‘एल सोल कोलोराडो’, म्हणजे लाल सूर्य.

मार्चच्या पहिल्या दोन दिवसांत सान साबा नदीच्या काठी मोठी बैठक झाली. कोमांचींच्या बाजूने बफेलो हंप, सांता अॅना आणि ‘म्हातारे घुबड’ या अर्थाच्या नावाने ओळखला जाणारा मोपेचुकोपे असे तीन मोठे सरदार होते. मॉयझेबाख जे बोलला, ते त्या काळच्या गोऱ्या माणसाच्या तोंडी क्वचितच ऐकू येत असे. तुमच्या कातडीचा रंग गडद आहे म्हणून मी तुम्हाला कमी लेखत नाही, असे त्याने सांगितले. माझे आणि तुमचे लोक काही काळ शेजारी राहिले आणि त्यांच्यात लग्नसंबंध जुळले, तर मला त्यात वावगे वाटणार नाही, असेही तो म्हणाला.

तह साधा होता. जर्मनांनी कोमांचींच्या मुलखात निर्धास्त फिरावे, लानोच्या काठी वस्ती करावी, जमीन मोजावी. कोमांचींनीही जर्मनांच्या गावांत निर्भयपणे यावे-जावे. कोणी तिसरा चोरी किंवा आगळीक करत असेल तर एकमेकांना कळवावे. शत्रू आला तर एकमेकांना मदत करावी. या बदल्यात मंडळीने सुमारे ३,००० डॉलरच्या भेटवस्तू आणि धान्य द्यावे. ९ मे १८४७ रोजी कोमांची सरदार फ्रेडरिक्सबर्गला आले आणि तहावर शिक्कामोर्तब झाले. गाव वसल्याला तेव्हा नुकतेच एक वर्ष झाले होते.

टेकड्यांवरच्या शेकोट्या

या दिवसांची एक गोष्ट फ्रेडरिक्सबर्गमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. मॉयझेबाख बोलणी करायला गेलेला असताना गावाभोवतीच्या टेकड्यांवर रात्री शेकोट्या पेटलेल्या दिसू लागल्या. कोमांची एकमेकांना खुणा देत होते. घरातली कर्ती माणसे लांब गेलेली, अंधार पडलेला आणि लेकरे घाबरून रडू लागलेली. तेव्हा एका आईने मुलांना जवळ घेऊन सांगितले, “अरे, घाबरता काय? ईस्टरचा ससा तिथे मोठमोठ्या कढयांत रानफुले उकळतो आहे. तुमच्यासाठी अंडी रंगवायला नकोत का?” मुले हसली आणि झोपी गेली.

ईस्टरला रंगीत अंडी लपवून ठेवायची आणि ती सशाने आणली असे मुलांना सांगायचे, ही जर्मनीतली जुनी रीत. ईस्टरच्या आदल्या रात्री टेकडीवर होळीसारखा जाळ करण्याची प्रथाही जर्मनीच्या काही भागांत फार जुनी आहे. तेव्हा फ्रेडरिक्सबर्गच्या टेकड्यांवरचे ईस्टरचे जाळ मुळात तिकडूनच आले असावेत, असे जाणकार म्हणतात. शिवाय त्या वर्षीचा ईस्टर ४ एप्रिलला होता आणि सान साबाची बैठक त्याच्या महिनाभर आधीच आटोपली होती. पण आईच्या गोष्टीला तारखा कोण विचारतो? भीतीने गोठलेल्या घरात लेकरांना झोपवण्यासाठी तिला जे सुचले, ते गावाने जपून ठेवले.

तह कोणी पाळला?

तह झाला त्याच वर्षी मॉयझेबाखने पदाचा राजीनामा दिला. उमरावांच्या मंडळीचे दिवाळे वाजले आणि लोक उघड्यावर पडले. ज्यांनी सोन्याची स्वप्ने विकली, ते महालांत सुखरूप होते. गाव मात्र तगले. स्थापनेनंतर दोन वर्षांतच तिथली वस्ती हजाराच्या घरात गेली. १८४८ मध्ये ते नव्या गिलेस्पी जिल्ह्याचे मुख्य ठिकाण झाले. कोमांची गावात येत, मालाची देवाणघेवाण करत आणि परत जात. पुढल्या काळात या सरहद्दीवर हल्ले आणि चोऱ्या झाल्याच नाहीत असे नाही. पण मॉयझेबाख आणि त्या सरदारांनी केलेला तह दोन्ही बाजूंनी पाळला, असेच इतिहास मानतो. गोरे आणि मूळ रहिवासी यांच्यात झालेल्या असंख्य तहांपैकी फार थोड्यांच्या बाबतीत असे म्हणता येते.

मॉयझेबाख पुढे टेक्सासच्या सिनेटवर निवडून आला. १८५४ मध्ये राज्य सरकारने त्याला वसाहतवाल्यांना जमिनीचे दाखले देण्याच्या कामावर नेमले. म्हणजे उमरावांनी दिलेले आणि मोडलेले वचन पुरे करण्याचे काम अखेर त्याच्याच वाट्याला आले. म्हातारपणी त्याने लॉयल व्हॅली या खेड्यात गुलाबांची बाग फुलवली. १८९७ मध्ये, पंच्याऐंशी वर्षे पूर्ण झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, त्याने डोळे मिटले.

आणि कोमांची? त्यांची कहाणी सांगितल्याशिवाय या गावाची कहाणी पुरी होत नाही. १८४९ मध्ये पटकीची साथ त्यांच्या छावण्यांत शिरली. सांता अॅना आणि मोपेचुकोपे त्याच साथीत गेले. रानरेड्यांचे कळप कमी होत गेले. तहाने जमीन मोजायची परवानगी मिळाली होती. जमीन मोजली की कुंपण येते आणि कुंपण आले की शिकारीचे रान संपते. १८५५ मध्ये काही कोमांचींना ब्राझोस नदीच्या एका फाट्यावर राखीव जागेत बसवण्यात आले. चारच वर्षांत तिथूनही त्यांना टेक्सासबाहेर हाकलण्यात आले. त्यांना सुखरूप बाहेर पोहोचवणारा अधिकारी तोच रॉबर्ट नेबर्स होता. इंडियनांची बाजू घेतो म्हणून चिडलेल्या एका गोऱ्या माणसाने परतीच्या वाटेवर, सप्टेंबर १८५९ मध्ये, त्याला गोळी घालून मारले. जर्मनांनी आपला शब्द मोडला नाही हे खरे. पण दोन शेजाऱ्यांपैकी एकालाच घर उरले, हेही तितकेच खरे.

पुन्हा एकदा कसोटी

शब्द पाळण्याची किंमत या गावाला पुढेही मोजावी लागली. १८६१ मध्ये अमेरिकेची दक्षिणेकडची राज्ये गुलामगिरीच्या प्रश्नावर फुटून निघाली. टेक्सासमध्ये मतदान झाले तेव्हा राज्याने मोठ्या बहुमताने फुटण्याच्या बाजूने कौल दिला. गिलेस्पी जिल्ह्याचा कौल मात्र उलटा होता. फुटण्याच्या विरोधात जवळपास चारशे मते, बाजूने अगदी मोजकी! इथे गुलाम अगदी थोडे होते. लोक स्वतःच्या हाताने शेती करत. शिवाय या देशाचे नागरिक होताना आपण निष्ठेची शपथ घेतली आहे, ती मोडायची कशी, असे पुष्कळांना वाटत होते.

दक्षिणेच्या सरकारने इथे लष्करी कायदा पुकारला आणि तरुणांना सक्तीने सैन्यात ओढायला सुरुवात केली. ऑगस्ट १८६२ मध्ये साठ-पासष्ट जणांचा एक गट मेक्सिकोत निसटण्यासाठी निघाला. त्यात बहुतेक जर्मन होते. १० ऑगस्टच्या पहाटे न्युएसेस नदीकाठी मुक्कामावर दक्षिणेच्या सैनिकांनी त्यांना गाठले. चकमकीत १९ जण ठार झाले. जखमी होऊन हाती सापडलेल्या नऊ जणांनाही नंतर गोळ्या घालण्यात आल्या. त्यांची प्रेते उघड्यावरच पडून राहिली. युद्ध संपल्यावर नातेवाइकांनी तिथे जाऊन अस्थी गोळा केल्या आणि जवळच्या कम्फर्ट या जर्मन गावात पुरल्या. १८६६ मध्ये तिथे उभारलेल्या दगडी स्मारकावर तीन जर्मन शब्द कोरले आहेत. त्यांचा अर्थ आहे ‘संघराज्याशी निष्ठा’.

त्या गावचा नातू आणि काश्मीर

युद्ध संपले आणि गाव पुन्हा शेतीला लागले. शेतकऱ्यांनी गावात लहानशी ‘रविवारची घरे’ बांधली. शनिवारी बायका-मुलांसह गाडी जोडून गावात यायचे, बाजार करायचा, रात्री तिथे झोपायचे आणि रविवारी चर्चला जाऊन परतायचे. मुलांना झोपायला माळा, त्याला बाहेरून जिना. विसाव्या शतकातही कित्येक घरांत आजी नातवंडांशी जर्मनच बोलत असे.

गावातल्या मुख्य रस्त्यावर चार्ल्स निमिट्झ नावाच्या जर्मन गृहस्थाचे हॉटेल होते. तरुणपणी जहाजावर काम केलेल्या या माणसाने हॉटेलचा दर्शनी भागही जहाजासारखा बांधला होता. १८८५ मध्ये त्याला नातू झाला. बाळाचा बाप जन्मापूर्वीच वारला होता. आजोबांच्या मांडीवर समुद्राच्या गोष्टी ऐकत तो वाढला. समुद्रापासून शेकडो मैल दूरचा हा मुलगा म्हणजेच अॅडमिरल चेस्टर निमिट्झ. दुसऱ्या महायुद्धात प्रशांत महासागरातील अमेरिकन आरमाराचा तो सरसेनापती होता. २ सप्टेंबर १९४५ रोजी जपानच्या शरणागतीवर अमेरिकेच्या वतीने त्यानेच सही केली.

भारतीय वाचकांनी हे नाव आणखी एका ठिकाणी ऐकलेले असेल. १९४९ मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये सार्वमत घेण्यासाठी संयुक्त राष्ट्रसंघाने प्रशासक म्हणून निवडले ते याच निमिट्झना. ते सार्वमत कधी झालेच नाही आणि निमिट्झ यांना ते काम करण्याची वेळ आली नाही. ज्या गावाचा जन्म एका तहाने झाला, त्या गावच्या मुलावर जगाने दोन देशांतला तंटा सोडवण्यासाठी विश्वास टाकला, एवढे मात्र खरे. आजोबांचे ते हॉटेल आता प्रशांत महासागरातील युद्धाच्या राष्ट्रीय संग्रहालयाचा भाग आहे. त्यामागे शांततेची एक जपानी बाग आहे. ती जपानच्या लोकांनी भेट दिली आहे. तिचे उद्घाटन झाले ८ मे १९७६ रोजी, म्हणजे पहिल्या बैलगाड्या आल्या त्याला बरोबर १३० वर्षे झाली त्या दिवशी.

आज फ्रेडरिक्सबर्गला पर्यटकांची गर्दी असते. गावाभोवती पीचच्या बागा आणि द्राक्षमळे आहेत. रस्ता तसाच रुंद आहे आणि आठ कोनांची ‘कॉफीची चक्की’ही आहे. चौकात मॉयझेबाख आणि कोमांची यांच्या मैत्रीचे शिल्प आहे. तहाचा मूळ कागद कित्येक वर्षे युरोपात पडून होता. मॉयझेबाखच्या नातीने तो परत मिळवला आणि आता तो टेक्सासच्या राज्य ग्रंथालयात आहे. त्यावर सह्या करणाऱ्यांपैकी एका बाजूची नातवंडे-पतवंडे आजही त्या टेकड्यांच्या आसपास राहतात. दुसऱ्या बाजूच्या वंशजांना आजोबांचा तो मुलूख पाहायचा असला, तर शेजारच्या ओक्लाहोमा राज्यातून यावे लागते. पण तहात लिहिल्याप्रमाणे त्यांना या गावात यायला आजही कोणाची भीती नाही.